ऑटोमॅटिक मोटारीच्या गिअरबॉक्सचा दोष कसा ओळखावा

जव्हार व मोखाडा या दोन तालुक्यांतील शेतकऱ्यांच्या दारांत पूर्वीं बैलगाडी असे, पुढें मोटारसायकल आली, व आतां कित्येक ठिकाणीं चारचाकी मोटार उभी दिसते. मोगऱ्याच्या कळ्या, काजू, आंबे वगैरे माल बाजारीं पोंचविणें, मुलांस शाळेस नेणें, अडलेल्या बाळंतिणीस किंवा आजाऱ्यास रात्रीं-अपरात्रीं नाशिकास नेणें, हीं सर्व कामें तिच्याकडून होतात. यांपैकीं पुष्कळ मोटारी शहरांतील मालकांनीं वापरून विकलेल्या असतात. आणि अलीकडे त्यांत डाव्या पायाचा क्लच नसलेल्या, म्हणजे लोक ज्यांस ‘ऑटोमॅटिक’ म्हणतात, अशाही येऊं लागल्या आहेत. चालविण्यास त्या सोप्या खऱ्या. परंतु बिघडल्या म्हणजे मालकाची जी त्रेधा उडते ती पाहण्यासारखी नसते. गिअरबॉक्स बदलावयाचा तर त्याचा खर्च लहान वाडीच्या सबंध हंगामाच्या उत्पन्नाइतका होऊं शकतो. सबब या विषयाचा थोडा विचार आपल्या मासिकांत व्हावा असें कित्येक सभासदांनीं सुचविल्यावरून आम्ही हा लेख लिहीत आहों.

वाचकांस मिस्त्री बनविण्याचा आमचा हेतु नाहीं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घरीं उघडण्याजोगी वस्तु नव्हे, व तो कोणींही उघडूं नये. परंतु रोग्यानें वैद्यापुढें आपलें दुखणें नीट सांगितलें म्हणजे अर्धा इलाज झाला असें म्हणतात. तोच न्याय येथें आहे. गाडीचें दुखणें नीट पाहून, नीट लिहून, नीट सांगणें एवढें मालकाचें काम आहे, व तें केल्यानें पुष्कळ पैसा वांचतो.

आपला मुलूख या गाड्यांची कसोटी पाहणारा आहे हेंही ध्यानांत ठेवावें. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारें दीड हजार फूट उंचीवर आहे. विक्रमगडकडून तेथें चढून यावें लागतें; मोखाड्यापुढें त्र्यंबकेश्वराकडे जातांना तोरंगणचा घाट लागतो; खोडाळ्याहून कसाऱ्याकडे उतरणारी वाटही वळणाचीच आहे. शहरांतील सपाट रस्त्यावर वर्षानुवर्षें दडून राहिलेला दोष या घाटांत थोड्याच दिवसांत बाहेर पडतो. आणि मोठें दुरुस्तीगृह गांठावयाचें तर जव्हारहून नाशिक सुमारें ८० किलोमीटर. म्हणून दोष लहान आहे तोंच ओळखणें हें आपणांस शहरवासीयांपेक्षां अधिक अगत्याचें आहे.

गाडी कोणत्या जातीची?

भातांत जशा हळव्या, निमगरव्या व गरव्या जाती, तशाच ऑटोमॅटिक गाड्यांतही जाती आहेत. आणि हळव्या भाताचें पाणी गरव्यास लागू पडत नाहीं, त्याचप्रमाणें एका जातीचें लक्षण दुसरीस लावलें तर निदान चुकतें. मुख्य जाती चार.

पहिली जात ‘एएमटी’. हिच्यांतील गिअरबॉक्स व क्लच साध्या गाडीचेच असतात. मात्र क्लच दाबण्याचें व गिअर बदलण्याचें काम माणसाऐवजीं विजेनें किंवा तेलाच्या दाबानें चालणारें यंत्र करतें. आपल्या देशांत मारुती सुझुकीनें फेब्रुवारी २०१४ मध्यें सेलेरिओ ही मोटार या सोयीनिशीं आणली, व तेव्हांपासून स्वस्त गाड्यांत या जातीचा प्रसार झाला. पुढच्याच वर्षीं, म्हणजे २०१५ सालीं, टाटांच्या नॅनोलाही ही सोय मिळाली. आपल्या तालुक्यांतील मध्यम स्थितीच्या शेतकऱ्यास परवडणारी जुनी ऑटोमॅटिक गाडी बहुधा याच जातीची निघते.

दुसरी जात ‘टॉर्क कन्व्हर्टर’ची. हिच्यांत इंजिन व गिअरबॉक्स यांमध्यें घर्षणाचा क्लच नसून तेलानें भरलेला बंद डबा असतो. इंजिनाकडील पंखा तेल फिरवितो, आणि फिरणारें तेल गिअरबॉक्सकडील पंख्यास फिरवितें. तेलाच्या द्वारें शक्ति पोंचविण्याच्या या कल्पनेचें पेटंट जर्मनींत हेरमान फ्योटिंगर यांनीं १९०५ सालीं घेतलें; तेलाच्या जोडावर चालणारा पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स अमेरिकेंतील जनरल मोटर्स कंपनीनें १९४० सालच्या ओल्डस्मोबिल मोटारींत प्रथम दिला.

तिसरी जात ‘सीव्हीटी’. हिच्यांत पहिला, दुसरा असे गिअरच नसतात. पिठाच्या गिरणीच्या पट्ट्याप्रमाणें दोन चाकांवर एक पोलादी पट्टा फिरतो, व तीं चाकें रुंद-अरुंद होऊन वेग बदलतात. हॉलंडमधील डाफ कंपनीनें १९५८ सालीं पट्ट्याची अशी मोटार प्रथम बाजारांत आणली; तिचा पट्टा रबराचा होता.

चौथी जात दुहेरी क्लचची. एका क्लचकडे १, ३, ५ हे विषम गिअर व दुसऱ्याकडे २, ४, ६ हे सम गिअर असतात. एक चालूं असतां दुसरा तयार राहतो.

आपली गाडी यांपैकीं कोणती हें तिच्याबरोबर मिळालेल्या पुस्तिकेंत लिहिलेलें असतें. जुनी गाडी घेतांना ती पुस्तिका आग्रहानें मागून घ्यावी. तिच्यावांचून पुढील सर्व परीक्षा आंधळी होय.

प्रथम पंचनामा, मग निकाल

आमचें आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत गेलें. पिकाची पाहणी शेताच्या बांधावर उभें राहून करावी, कचेरींत बसून करूं नये, हें त्या नोकरींत आम्हांस पक्कें समजलें. मोटारीसही हाच नियम लागू आहे. ‘गाडी ओढत नाहीं’ एवढेंच मिस्त्रीस सांगितलें तर तो आपल्या अंदाजानें चालतो, व अंदाजाचा खर्च मालकाच्या माथीं बसतो. म्हणून एक लहान वही गाडींत ठेवावी आणि दोष दिसतांच पुढील गोष्टी तारीख व किलोमीटरच्या आंकड्यासह टिपाव्या.

दोष गाडी थंड असतां दिसतो कीं तापल्यावर? सकाळीं पहिल्या फेरींत कीं घाट चढून आल्यावर? चढावर, उतारावर कीं सपाटीवर? पुढें जातांना कीं मागें घेतांनाही? कोणत्या गिअरवर व किती वेगाला? ओझें किती होतें? त्यापूर्वीं गाडी ओढ्याच्या पाण्यांतून गेली होती काय? बॅटरी नवी घातली, चाकें बदललीं, सर्व्हिसिंग केलें, असें कांहीं नुकतेंच झालें होतें काय? कोणता दिवा लागला? आवाज कसा, वास कसा? गाडीखालीं तेलाचा डाग आहे काय, व असल्यास कोणत्या रंगाचा?

या प्रश्नांतील प्रत्येकाच्या उत्तरानें कांहीं कारणें बाद होतात. थंडपणीं दिसणारा व तापल्यावर नाहींसा होणारा दोष बहुधा आटलेल्या रबरी सीलांचा किंवा कमी तेलाचा असतो. तापल्यावरच दिसणारा दोष तेल पातळ पडून दाब उतरल्याचा, झिजलेल्या क्लचचा किंवा उष्णतेनें तुटक चालणाऱ्या विजेच्या भागाचा असतो. असे दोन कप्पे पाडले तरी शोध निम्मा झाला.

गिअरबॉक्स निर्दोष असतां त्यावर आळ

पुष्कळदां दोष दुसरीकडे असतो व शिक्षा गिअरबॉक्सास होते. म्हणून स्वस्त कारणें आधीं पाहावीं.

पहिली बॅटरी. एएमटीचें क्लच दाबणारें यंत्र विजेवर जगतें. बॅटरी क्षीण झाली, तिच्या टोकांवर पांढरा-हिरवा क्षार चढला, किंवा शरीरास जोडलेली जमिनीची तार गंजली, म्हणजे गिअर लागत नाहीं, आंकडा लुकलुकतो, गाडी ‘न्यूट्रल’ मध्येंच अडून बसते. इंजिन बंद असतां चांगल्या बॅटरीचा दाब सुमारें १२.६ व्होल्ट असतो, व इंजिन चालूं असतां सामान्यतः १३.५ ते १४.५ च्या आसपास. मीटर कोणत्याही वायरमनकडे असतो. ही परीक्षा दोन मिनिटांची आहे.

या बाबतींत एक उदाहरण सांगण्याजोगें आहे. आमच्या परिचयाच्या एका मोगरा-बागायतदाराची जुनी एएमटी गाडी ऐन तोडणीच्या दिवसांत पहाटे गिअर घेईना. शहरांतील एका दुरुस्तीगृहानें सबंध यंत्र बदलण्याचा पाऊण लाखाचा अंदाज दिला. बागायतदारानें वही ठेविली होती. तींत गेल्या तीन आठवड्यांत सहा वेळां दोष, सहाही वेळां पहाटे, दिवसा एकदांही नाहीं, अशी नोंद होती. ती नोंद दुसऱ्या एका अनुभवी मिस्त्रीस दाखवितांच त्यानें प्रथम बॅटरीवर मीटर लाविला. बॅटरी मरणोन्मुख होती व जमिनीची तार हातांत तुटून आली. नव्या बॅटरीनें व तारेनें गाडी चालूं झाली. पाऊण लाख वांचले ते त्या वहीच्या सहा ओळींनीं.

दुसरें ब्रेकचें बटण. बहुतेक ऑटोमॅटिक गाड्या ब्रेक दाबल्यावांचून ‘पी’ मधून हलत नाहींत किंवा सुरू होत नाहींत. ब्रेक दाबल्याची वर्दी देणारें लहानसें बटण बिघडलें तर गिअरचा दांडा जागचा हलत नाहीं, व मालकास वाटतें गिअरबॉक्स जाम झाला. मागें एका माणसास उभें करून ब्रेक दाबावा. मागचे लाल दिवे लागले नाहींत तर आधीं फ्यूज, मग बटण पाहावें.

तिसरें इंजिन. एक प्लग किंवा कॉइल चुकत असली म्हणजे चढावर गाडी हिसके देते व तो हिसका गिअरचा भासतो. गाडी उभी असतां, गिअर ‘एन’ मध्यें ठेवून इंजिनाचे फेरे वाढवावे. तेव्हांही तें अडखळत असेल तर प्रथम इंजिनाचा इलाज करावा.

चौथें चाकांचे आवाज. गुणगुण ऐकूं आली कीं गिअरबॉक्स घुमतो असें म्हणतात. एकसारख्या वेगानें मोकळ्या रस्त्यावर जातांना गाडी किंचित् डावीकडे व उजवीकडे झुकवावी. आवाज त्याबरोबर कमीजास्त झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा समजावा. पूर्ण वळण घेतांना कटकट आवाज आला तर चाकाच्या दांड्याचा सांधा झिजला आहे. गिअर लागतांना एकच मोठा दणका बसतो पण पुढें गाडी बरोबर चालते, तर इंजिन ज्या रबरी बैठकीवर बसतें ती फाटली आहे काय हें पाहावें.

पांचवें उंदीर. पावसाळ्यांत उभ्या गाडींत उंदीर शिरून तारा कुरतडतात हा आपल्याकडील नित्याचा अनुभव आहे. बॉनेट उघडून तारा डोळ्यांनीं पाहण्यास कांहीं खर्च नाहीं.

तेलाची परीक्षा

टॉर्क कन्व्हर्टर व सीव्हीटी या जातींत तेल हेंच रक्त होय. तेंच शक्ति पोंचवितें, तेंच क्लच दाबतें व तेंच उष्णता वाहून नेतें. तेल कमी झालें कीं दाब कमी होतो, दाब कमी झाला कीं क्लच घसरतात, घसरले कीं तापतात, व तापले कीं उरलेलें तेल जळतें. असें हें दुष्टचक्र आहे.

ज्या गाडींत तेल मोजण्याची पट्टी दिलेली आहे तेथें गाडी सपाट जागीं उभी करून, तेल तापल्यावर, पुस्तिकेंत सांगितलेल्या रीतीनें पातळी पाहावी. कित्येक गाड्यांत इंजिन चालूं ठेवून पाहावयाची असते, कांहींत बंद करून लगेच. म्हणून पुस्तिकेचाच शब्द प्रमाण. नव्या पुष्कळ गाड्यांत पट्टीच नसते. तेथें गाडी उचलून, तेलाचें उष्णतामान मोजून, बाजूच्या छिद्रानें पातळी पाहावी लागते. तें काम मिस्त्रीचें.

तेलाचे दोन थेंब पांढऱ्या कागदावर सोडावे. नवें तेल पुष्कळदां तांबडें व स्वच्छ असतें, जरी सर्व कंपन्यांचा रंग एक नसतो. तपकिरी झालें तर जुनें झालें. काळें पडून करपल्याचा वास येत असेल तर आंतील क्लच जळूं लागले आहेत. दुधाळ गुलाबी दिसलें तर आंत पाणी शिरलें आहे. तें एकतर रेडिएटरमधील तेल थंड करणाऱ्या नळीच्या फुटीनें, किंवा पुराच्या पाण्यांतून गाडी घातल्यानें. अशी गाडी एक किलोमीटरही चालवूं नये. तेल बदलतांना तळच्या चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप असणें स्वाभाविक आहे. परंतु बोटास टोंचणारे धातूचे कण सांपडले तर पेटी उघडावी लागेल हें निश्चित समजावें.

तेलाची जात पुस्तिकेंत असेल तीच असावी. सीव्हीटीचें तेल निराळें, टॉर्क कन्व्हर्टरचें निराळें, दुहेरी क्लचचें निराळें. ‘सगळें एकच’ म्हणणाऱ्याच्या हातीं गाडी देऊं नये. तेलाच्या जातीचें महत्त्व केवढें तें पाहा: नोव्हेंबर २०१३ मध्यें फोक्सवॅगन कंपनीनें सात गिअरच्या दुहेरी क्लचच्या सुमारें १६ लक्ष मोटारी जगभरांतून परत बोलाविल्या. उष्ण व दमट हवेंत कृत्रिम तेलामुळें विजेचा दोष उत्पन्न होण्याचा संभव होता, म्हणून तें काढून खनिज तेल भरण्यांत आलें. एवढ्या मोठ्या कंपनीस जें टाळतां आलें नाहीं, तें रस्त्याकडेच्या डब्यांतील तेलानें टळेल अशी आशा करूं नये.

‘हें तेल आयुष्यभर बदलावयास नको’ असेंही कांहीं विक्रेते सांगतात. घाट, उष्णता व ओझें असलेल्या कामास बहुतेक पुस्तिकांत ‘कठीण वापर’ असें म्हणून कमी मुदत दिलेली असते. आपला वापर त्या सदरांत येतो. तेलाचें उष्णतामान दर १० अंशांनीं वाढलें कीं त्याचें आयुष्य सुमारें निम्म्यानें घटतें असा ठोकताळा आहे.

येथें दुसरें उदाहरण. मोखाड्याकडील एका गृहस्थाची टॉर्क कन्व्हर्टरची गाडी सकाळीं ‘डी’ टाकल्यावर तीन-चार सेकंदांनीं हालूं लागे. ‘थंडीचें आहे’ म्हणून त्यांनीं पावसाळा काढला. खालीं नळीच्या सांध्यांतून थेंब थेंब तेल गळत होतें. पावसाच्या चिखलांत तो डाग कोणास दिसला नाहीं. दिवाळीच्या सुमारास घाटांत गाडी तापली, इंजिन ओरडूं लागलें व गाडी जागची हालेना. उघडून पाहतां क्लचच्या तबकड्या जळून कोळसा झाल्या होत्या. सांधा व तेल मिळून जें काम थोडक्या पैशांत झालें असतें, त्यास त्या घराची गाय व मुलीच्या लग्नासाठीं ठेविलेली शिल्लक खर्ची पडली. गिअर टाकल्यावर एक-दोन सेकंदांत गाडीनें ओढ दिलीच पाहिजे; त्याहून अधिक विलंब हा पहिला इशारा होय.

लक्षणें व त्यांचा अर्थ

एएमटी: प्रत्येक गिअर बदलतांना गाडीनें किंचित् मान डोलाविणें हा या जातीचा स्वभाव आहे, दोष नव्हे. परंतु चढावर इंजिनाचे फेरे वाढतात, वेग वाढत नाहीं, व जळका वास येतो, हें क्लचची तबकडी झिजल्याचें लक्षण. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या कित्येक गाड्यांत दार उघडतांच पंपाचा घुर्र आवाज होतो. तो नेहमींपेक्षां फार वेळ किंवा वारंवार होऊं लागला तर दाब कोठें तरी निसटतो आहे, म्हणून त्या यंत्राच्या स्वतंत्र तेलाची पातळी पाहावी. बॅटरी किंवा क्लच बदलल्यानंतर गाडी हिसके देत असेल तर पुष्कळदां यंत्रास क्लचची जागा संगणकानें पुन्हां शिकवावी लागते. तेवढ्यानें काम भागतें.

टॉर्क कन्व्हर्टर: दोन गिअरांच्या मध्यें फेरे एकदम उसळून मग गिअर लागणें हें क्लच घसरल्याचें किंवा दाब कमी असल्याचें चिन्ह. सर्वच गिअर दणक्यानें लागूं लागले तर दाब नियमन करणारें विजेचें बटण, म्हणजे सोलेनॉइड, अथवा तेल पाहावें. केवळ मागें जाण्याचा किंवा केवळ एखादाच गिअर नाहींसा झाला तर दोष त्या गिअरच्या क्लचपुरता असतो. सर्वच ओढ गेली तर तेल, पंप किंवा कन्व्हर्टर. ‘पी’ मध्यें उभी असतांही फेऱ्यांबरोबर वाढणारी किरकिर ऐकूं आली तर तेल कमी किंवा पंपाची गाळणी तुंबलेली समजावी. ताशीं ५० ते ७० किलोमीटर वेगानें हलक्या पायानें जातांना खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर होते, तेव्हां कन्व्हर्टरच्या आंतील कुलुपी क्लचवर संशय घ्यावा. मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागें कोणी नसतां, वेग तसाच ठेवून ब्रेकला किंचित् स्पर्श करावा. बहुतेक गाड्यांत त्या वर्दीनें कुलूप सुटतें. थरथर तत्काळ थांबली तर संशय दृढ झाला, न थांबली तर इंजिन किंवा चाकें पाहावीं.

सीव्हीटी: वेग देतांना इंजिन एकसुरी ओरडतें व गाडी सावकाश पळते, हा स्वभाव होय. परंतु एकसारख्या वेगांत फेऱ्यांचा कांटा वरखालीं नाचणें, सुटतांना अंग झटकणें, किंवा वेगाबरोबर वाढणारी किंकाळी हीं पट्टा व चाकें यांच्या झिजेचीं लक्षणें. यांत विलंब करूं नये.

दुहेरी क्लच: हळू सरकतांना थरथर ही क्लचच्या झिजेची किंवा तापण्याची खूण. विषम गिअर चालतात व सम लागत नाहींत, किंवा उलट, असें झालें तर दोष एकाच बाजूच्या क्लचचा किंवा त्याच्या चालकाचा ठरतो.

कोणत्याही जातींत गाडी एकाच गिअरवर अडून हळू चालूं लागली व दिवा लागला तर तिला लंगडी चाल म्हणावें. आपलें अधिक नुकसान होऊं नये म्हणून संगणकानें स्वतःच घातलेलें तें बंधन आहे. गाडी तशीच जवळच्या सुरक्षित जागीं न्यावी, दामटूं नये.

यंत्राची साक्ष

आजच्या गाडींत सुकाणूच्या खालच्या बाजूस एक खांचा असतो. त्यांत लावावयाचें लहान वाचकयंत्र हजार-दीड हजार रुपयांत मिळतें व मोबाईलवर दोषाचा क्रमांक दाखवितें. ‘पी ०७००’ एवढेंच दिसलें तर त्याचा अर्थ ‘गिअरबॉक्सच्या संगणकाची कांहीं तक्रार आहे’ इतकाच. तपशील निराळा वाचावा लागतो. ‘पी ०२१८’ म्हणजे तेल फार तापलें. ‘पी ०७१५’ म्हणजे आंत येणाऱ्या फेऱ्यांच्या, व ‘पी ०७२०’ म्हणजे बाहेर जाणाऱ्या फेऱ्यांच्या मोजमापाचा दोष. ‘पी ०७३०’ म्हणजे गिअरचें प्रमाण जुळत नाहीं, अर्थात् कोठें तरी घसरण आहे. ‘पी ०७४०’ म्हणजे कन्व्हर्टरच्या कुलुपाचा मार्ग.

परंतु क्रमांक ही साक्ष आहे, निकाल नव्हे. ‘फेरे मोजणारा बिघडला’ असा क्रमांक आला तरी खरोखर तार कुरतडलेली, जोडांत पाणी गेलेलें, किंवा तो भाग खरेंच निकामी, अशीं तिन्ही कारणें संभवतात. स्वस्त वाचकयंत्रें पुष्कळदां इंजिनाचेच क्रमांक दाखवितात, गिअरबॉक्सचे दाखवीत नाहींत, हेंही स्मरावें. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे क्रमांक वहींत उतरून घेतल्यावांचून कोणासही पुसूं देऊं नये, व बॅटरीची तार काढूं देऊं नये. नाहींतर पुरावा नष्ट होतो.

घाटांत बंद पडली तर

गाडी कडेला घेऊन हातब्रेक ओढावा, चाकांस दगड लावावे व इंजिन निवूं द्यावें. ऑटोमॅटिक गाडी साध्या गाडीप्रमाणें ढकलून सुरू करण्याचा खटाटोप करूं नये. टॉर्क कन्व्हर्टर व सीव्हीटीच्या गाड्या त्या रीतीनें सुरू होतच नाहींत. ट्रॅक्टरास दोर बांधून ओढूनही नेऊं नये. इंजिन बंद असतां तेलाचा पंप फिरत नाहीं, व चाकांबरोबर फिरणारे आंतले भाग कोरडे घासले जातात. ज्या चाकांस शक्ति मिळते तीं जमिनीवरून उचलून, किंवा सबंध गाडी सपाट टेंपोवर चढवून न्यावी. टेंपोचें भाडें अधिक वाटतें, पण तें गिअरबॉक्सच्या मानानें कांहींच नाहीं.

दोष होऊं नये म्हणून चार नियम पाळावे. चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरूं नये, ब्रेकवर धरावी; एएमटीचा क्लच जळण्याचें हें एक मोठें कारण आहे. उतरतांना ‘एन’ मध्यें सोडूं नये, खालचा गिअर किंवा ‘एल’ घ्यावा. गाडी पूर्ण थांबल्यावांचून ‘डी’ वरून ‘आर’ टाकूं नये. उतारावर उभी करतांना आधीं हातब्रेक, मग ‘पी’. म्हणजे सर्व भार आंतल्या लहान खुंटीवर पडत नाहीं.

जुनी गाडी घेतांना

सौदा सकाळीं, इंजिन पूर्ण थंड असतां करावा. विक्रेत्यानें गाडी आधींच तापवून ठेविली असेल तर दुसऱ्या दिवशीं यावें. ‘डी’ व ‘आर’ किती वेळांत लागतात तें घड्याळावर पाहावें. अर्धा तास चालवून तापवावी, मग चढावर थांबवून पुन्हां सोडावी. मोकळ्या रस्त्यावर एकदां पाय जोरानें दाबून गिअर खालीं उतरतो काय तें पाहावें. तेल केव्हां बदललें याची पावती मागावी. वाचकयंत्र लावल्यावर सर्व क्रमांक नुकतेच पुसलेले आढळले तर तो दोष लपविण्याचा प्रयत्न असूं शकतो. पुन्हां चालवून पाहावें.

आमची मंडळास एक सूचना आहे. कचेरींत गिअरबॉक्सचेही क्रमांक वाचणारें एक चांगलें यंत्र व एक व्होल्टमीटर सामायिक ठेवावें, व ज्या सभासदाच्या गाडीस जो दोष आढळला, जें खरें कारण निघालें व जो खर्च आला, तो एका वहींत लिहून ठेवावा. दोन-तीन वर्षांत ती वही आपल्या घाटांतील गाड्यांच्या रोगांचा दाखला होईल. कोणत्या दोषास किती खर्च योग्य हें तीवरून कोणाही सभासदास पाहतां येईल, व मोखाड्याच्या माणसास नाशिकांत जाऊन अंदाजाच्या कागदावर डोळे मिटून सही करावी लागणार नाहीं.